पिकलं की कळवतो

२० ऑक्टोबर १९९१, रविवार

निर्णय झाला. मागच्या अंगणात स्ट्रॉबेरी लावायची.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी श्रेय लाटायला नको. दसऱ्याला सोनं द्यायला साहेबांच्या बंगल्यावर गेलो होतो. मॅडम पुण्याच्या. म्हणाल्या, धुळ्याला बदली झाल्यापासून स्ट्रॉबेरी नजरेलासुद्धा पडली नाही. सगळा स्टाफ आपट्याची पानं हातात धरून गप्प. मी म्हणालो, आमच्या घरी होते, जानेवारीत आणून देतो. ‘होते’ असं का म्हणालो, माहीत नाही. पण माणसाने पॉझिटिव्ह असावं. साहेबांनी दीड वर्षात पहिल्यांदा माझं नाव विचारलं. लीलाधर तोताराम चौधरी, असं पूर्ण सांगितलं.

हेडक्लार्कची जागा फेब्रुवारीत रिकामी होते आहे. चुडामण सीनियर आहे. पण त्याच्याकडे सीनियॉरिटी सोडून आहे काय?

जागेची पाहणी केली. बारा फूट बाय आठ फूट. मधोमध निंबाचं झाड, त्यामुळे अर्ध्या जागेवर सावली. सावलीत आबांची खाट. आबा म्हणजे माझे वडील. पन्नास वर्षं रावेरला केळी केली, आई गेल्यावर आमच्याकडे आले. हल्ली डोळ्यांना धूसर दिसतं, म्हणून दिवसभर खाटेवर असतात. जागा बरीच अडते.

कुंदाला प्लॅन सांगितला. ती म्हणाली, आधी आबांचे डोळे दाखवून आणा. हिला कोणत्याही विषयात दुसरा विषय काढायची खोड आहे.

२७ ऑक्टोबर, रविवार

आमच्या ऑफिसच्या जीपचा ड्रायव्हर भिकन महाबळेश्वरहून चोवीस रोपं घेऊन आला. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली. दिसायला अगदीच किरकोळ. पण शेवटी लावणारा कोण आहे, त्याला महत्त्व.

आम्ही रावेरचे. लावण कशी करायची हे आम्हाला शिकवायला नको. आमच्याकडे ऑक्टोबरच्या केळीला कांदेबाग म्हणतात, म्हणून मी याला ‘स्ट्रॉबेरीची कांदेबाग’ असं नाव दिलं. केळीचा कंद कसा, पुरता मातीत जायला पाहिजे, वर काही दिसता कामा नये. एकेक वीत खड्डा, रोप आत, माती वर, पायाने दाब. चोवीसच्या चोवीस. नुसती पानांची टोकं बाहेर ठेवली.

आबांनी खाटेवरून एक रोप मागितलं. बोटांनी चाचपत बसले. मग म्हणाले, “केयी नाही रे ही. याचा गाभा उघडा राहू दे, नाहीतर सडीन.” मला हसू आलं. दिसत नाही, जन्मात स्ट्रॉबेरी पाहिली नाही, आणि मत आहे! मोठ्या आवाजात सांगितलं, आबा, हे इंग्लिश फळ आहे.

शेजारचे लोटननाना भिंतीवरून डोकावले. रिटायर्ड कंडक्टर. धुळ्याचेच, अहिराणीशिवाय बोलत नाहीत. “हाई काय शे भाऊ? मेथी का?”

३० ऑक्टोबर

सकाळ-संध्याकाळ वाफा तुडुंब भरतो. केळीला पाणी लागतं ते सगळ्याला लागतं.

५ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

पाच रोपं काळी पडली. उपटली तर बुडाशी चिखल आणि वास. न्हाणीमागच्या उकिरड्यावर टाकली.

कारण शोधलं: सावली. ऊन पोचत नाही, माती सुकत नाही. माझ्या पद्धतीत दोष नाही हे स्पष्ट झालं, त्यामुळे सण चांगला गेला.

९ नोव्हेंबर, शनिवार

लोटननाना आबांना परस्पर डोळ्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मीच नेलं असतं, पुढच्या महिन्यात.

डॉक्टर म्हणाला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्यातला पिकला आहे, या थंडीतच काढायला हवा. सोनगीरला शिबिर आहे, १२ जानेवारीला, रविवारी. ऑपरेशन फुकट. घरचं एक माणूस तीन दिवस सोबत पाहिजे. नाव नोंदवून आले.

आमच्या घरात यंदा पिकलेली पहिली गोष्ट! हा जोक मी कुंदाला सांगितला. ती हसली नाही. आबा हसले.

आबांची एकच फर्माईश. डोळा झाला की रावेरला नेऊन बाग दाखव. तीन वर्षं केळी पाहिली नाही म्हणे. मी शब्द दिला. मी शब्दाला पक्का आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार

चौदा उरली. कठोर निर्णय घ्यावा लागला. सकाळी दोन माणसं आणून निंब तोडून घेतला. दुपारी एकपर्यंत साफ. अंगणात इतकं ऊन आलं की डोळे दिपले. सगळ्यांचे नाही, अर्थात.

आबांची खाट न्हाणीच्या भिंतीशी, पत्र्याखाली सरकवली. तिथे त्यांना न्हाणी जवळ पडते, ही सोय माझ्याच लक्षात आली. त्यांनी दोन-तीनदा हात वर करून ऊन चाचपलं. “सावली कुठी गेली रे?” म्हणाले. मी म्हणालो, छाटली जरा. खोटं नाही. छाटणीचाच हा मोठा प्रकार.

लोटननाना भिंतीवर. “झाड कसाले तोडं भाऊ?” डोळे पाणावले होते त्यांचे. दुसऱ्याच्या झाडासाठी इतकं? काही लोकांना काही उद्योग नसतो.

कुंदा बोलत नाही. शांतता मिळाली, वाचन वाढवावं.

२४ नोव्हेंबर, रविवार

नऊ. भिकनने खराब रोपं आणली असणार. त्याला ऑफिसात सगळ्यांसमोर झापलं. तो म्हणाला, त्याच गठ्ठ्यातली चार रोपं त्याने घरी कुंडीत लावलीत, चांगली चाललीत. खोटारडा.

१ डिसेंबर, रविवार

तीन. थंडी फार आहे. आधी सावली होती म्हणून गेली, आता थंडी आहे म्हणून जाताहेत. निसर्ग माझ्याविरुद्ध एक झाला आहे.

आबांनी विचारलं, शिबिराला किती दिवस राहिले. रोज विचारतात. कॅलेंडर त्यांना दिसत नाही आणि मला वेळ नाही.

८ डिसेंबर, रविवार, सकाळी ७.३०

शून्य. शेवटचं रोप हातात घेतलं तर पानं वेगळी आणि देठ वेगळा.

साहेबांनी परवा जिन्यात विचारलं होतं, काय चौधरी, कुठवर आलं? मी म्हणालो, फुलोरा आहे साहेब, पिकलं की कळवतो. आता काय करू? राजीनामा? की मेडिकल रजा?

त्याच दिवशी, ८.१५

देव आहे!!

दात घासायला न्हाणीमागे गेलो. आबांच्या खाटेच्या पायाशी डालड्याचा फुटका डबा. डब्यात दोन रोपं. हिरवीगार! पांढरी फुलं, सात मोजली. ऊन सकाळचं तेवढं येतं तिथे, नंतर दिवसभर पत्र्याची सावली.

कुंदाचं काम. मी टाकलेल्या रोपांतून गुपचूप उचलली असणार. तिला सांगितलं, तुझी चोरी माफ, आजपासून डबा माझ्या चार्जमध्ये. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “माझा नाही तो.” विनय! लग्नाला वीस वर्षं झाली, पहिल्यांदा दिसला.

१५ डिसेंबर, रविवार

डबा मी रोज सकाळी वाफ्याच्या मधोमध उन्हात नेऊन ठेवतो. ऑफिसातून येऊन पाहतो तर परत न्हाणीपाशी. कुंदा ऐकत नाही. विचारलं तर म्हणते, मी हात लावला नाही. घरात भूत आहे काय? शेवटी राहू दिला. मोठ्या मनाने वागायचं ठरवलं आहे.

फुलं गळून बारीक हिरवी बोंडं आली. पाच.

२५ डिसेंबर

सुट्टी. बुलबुल भिंतीवर बसून डब्याकडे बघतो. राखण हवी. आबा तिथेच असतात. त्यांच्या हातात जुनी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, थाळी आणि चमचा दिला. आवाज आला की वाजवायचं.

कुंदा म्हणाली, त्यांना पक्षी दिसणार कसा? मी म्हणालो, कान आहेत ना! आबा म्हणाले, वाजवीन. खूश झाले. म्हाताऱ्या माणसाला काम दिलं की बरं वाटतं. आपल्याकडे वृद्धांना कोणी विचारत नाही, ही समाजाची शोकांतिका आहे.

१ जानेवारी १९९२

संकल्प: १) पहाटे उठणे. २) चिडणे बंद. ३) आबांना सोनगीरला स्वतः नेणे, नंतर रावेर. ४) हेडक्लार्क.

उठायला साडेआठ झाले. थाळीचा आवाज सकाळपासून. तीनदा ओरडलो. क्रमांक दोन उद्यापासून.

८ जानेवारी, बुधवार

साहेब आणि मॅडम रविवारी संध्याकाळी पाच वाजता घरी येणार!!! स्वतः म्हणाले. पाच फळांपैकी तीन बुडाशी लाल झाली. रविवारपर्यंत पूर्ण होतील. जुळून आलं म्हणजे किती जुळून यावं.

रविवार म्हणजे बारा तारीख. शिबिर.

९ जानेवारी

शांतपणे विचार केला. मुद्दे असे. शिबिर दरवर्षी असतं, साहेब दरवर्षी येत नाहीत. मोतीबिंदू कुठे पळून जात नाही. आणि पिकलाच आहे तर अजून थोडा पिकू द्या. फळ जास्त पिकलं म्हणून कोणाचं नुकसान झालं आहे?

लोटननाना त्यांच्या बायकोला, भिकुबाईंना, घेऊन चाललेत. म्हणाले, आबांनाही नेतो. पण घरचं माणूस तीन दिवस हवं, असा नियम. कुंदा म्हणाली, मी जाते. मी विचारलं, मग साहेबांना पोहे कोण करणार? मॅडमशी कोण बोलणार?  तिने पिशवीत भरलेलं आबांचं धोतर आणि टॉवेल बाहेर काढून खुंटीला लावला.

आबांना मी स्वतः समजावलं. म्हणालो, शिबिर पुढे गेलं. तब्येतीला ताण नको म्हणून असं सांगितलं. ते म्हणाले, “तुह्या सायबाचं होऊ दे आधी.” कोणी सांगितलं यांना?

१२ जानेवारी, रविवार, सकाळी ६

लोटननानांची रिक्षा आली. आबा आंघोळ करून, टोपी घालून खाटेवर बसले होते. का ते कळलं नाही. रिक्षा गेली तसे त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

संध्याकाळी ७.४०

साहेब आले नाहीत. शिपायाने निरोप आणला, शिरपूरकडे व्हिजिट निघाली. पुढच्या रविवारी नक्की. दोन किलो पोह्यांचं काय करायचं?

फळं मात्र लालचुटूक. आठवडाभर टिकतील. टिकायलाच पाहिजेत.

१५ जानेवारी, संक्रांत

भिकुबाई परत आल्या. डोळ्यावर हिरवी पट्टी. पुढच्या आठवड्यात उघडणार. लोटननानांनी मला तिळगूळ दिला, पण गोड बोला म्हणाले नाहीत.

दोन फळं बुडाशी काळी पडून गळाली. आबांचा उजवा डोळा दुखतो. डोकेदुखीची गोळी दिली.

१९ जानेवारी, रविवार, संध्याकाळी ७

ऐतिहासिक दिवस. सविस्तर लिहितो.

साडेपाचला आले. तीन फळं काचेच्या बशीत, खाली सॅटिनचा रुमाल. मॅडम म्हणाल्या, अय्या, इतुकली! साहेबांनी एक तोंडात टाकलं, डोळे मिटले. मला वाटलं, आनंदाने. मग म्हणाले, साखर आहे का? मॅडमनी दुसरं अर्धं चावून बशीत ठेवलं. म्हणाल्या, भावना महत्त्वाची. हे वाक्य मी लक्षात ठेवलं आहे.

साहेबांनी अंगण बघितलं. कापलेलं खोड बघून म्हणाले, झाड छान असणार, सावली असायला हवी होती, स्ट्रॉबेरीला आपल्याकडच्या उन्हात थोडी सावली लागतेच. मी म्हणालो, अगदी बरोबर साहेब, झाड शेजाऱ्यांच्या तक्रारीमुळे गेलं.

आबा मध्येच बोलले. विचारलं, “सायेब, गोड शे का फय?” नाही, ‘आहे का’ म्हणाले, ‘शे’ लोटननाना म्हणतात. घाईत लिहितो आहे. साहेबांना ऐकू गेलं नाही. मी आबांना डोक्याला रुमाल बांधून बसू नका असं आधीच सांगितलं होतं. दुखतं म्हणून बांधलाच. फार वाईट दिसत होतं.

ते गेल्यावर कुंदा उरलेलं तिसरं फळ आबांना द्यायला निघाली. मी अडवलं. ते पुरावा म्हणून ऑफिसात दाखवायचं आहे. आबांना दिसणारही नाही. मॅडमनी ठेवलेलं अर्धं तिने माझ्यासमोर मोरीत टाकलं.

२३ जानेवारी

फळ टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. मुंग्या. सर्व्हिस बुकांना डाग पडले. चुडामणने साहेबांना दाखवलं.

२ फेब्रुवारी, रविवार

आबांना काल दिवसभर उलट्या. डोळा लाल, टच्च सुजलेला. भिंतीवर डोकं टेकवून बसले होते. आवाज काढला नाही, त्यामुळे मला कल्पना आली नाही. मी तोवर साहेबांसाठी आभाराचं पत्र तयार करत होतो.

डॉक्टर म्हणाला, उजवा गेला. मोतीबिंदू जास्त पिकला, आतल्या आत फुटला, प्रेशर वाढून नस मेली. तीन आठवड्यांपूर्वी आणलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. माझ्याकडे बघून दोनदा म्हणाला, दहा मिनिटांचं. या लोकांना भीती घालायची सवय असते.

रस्त्यात आबांनी माझा खांदा धरला होता. म्हणाले, “जाऊ दे, एक आहे अजून.”

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

हेडक्लार्कची ऑर्डर निघाली. चुडामण. साहेब म्हणाले, सीनियॉरिटीपुढे इलाज नाही. त्यांची पुण्याला बदली झाली. मॅडम आजच गेल्या.

घरी सांगितलं नाही. योग्य वेळ बघून सांगेन.

१६ फेब्रुवारी, रविवार

रावेरहून लतावहिनी आल्या, मोठ्या भावाची जीप घेऊन. कुंदाने परस्पर पत्र टाकलं होतं. आबांना नेतात. डावा डोळा जळगावला करून घेणार. कुंदाही निघाली, डोळ्यात थेंब घालायला माणूस हवं म्हणून. मी विचारलं, माझ्या जेवणाचं काय? लतावहिनी माझ्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. माझ्यापेक्षा मोठ्या आहेत, म्हणून सहन केलं.

आबांनी जीपमध्ये बसताना डालड्याचा डबा मांडीवर मागितला. मी विरोध केला. म्हणालो, तो कुंदाने माझ्या रोपांतून—

तेव्हा कुंदा बोलली. सबंध लिहवत नाही, पण लिहितो. दिवाळीत मी उकिरड्यावर टाकलेली पाच रोपं आबांनी एकेक करून चाचपली. दोन रोपांचा गाभा जिवंत लागला. डबा त्यांनीच शोधला, माती त्यांनीच भरली, गाभा वर ठेवून बोटांनी दाबली. स्वतःच्या पिण्याच्या तांब्यातलं पाणी घालायचे. मी डबा उन्हात नेला की भिंत धरत धरत जाऊन परत आणायचे. कुंदाने विचारलं होतं, आबा, कशाला? तर म्हणाले, “लीलाधरनं सायबाले शब्द देयेल आहे. त्याचं तोंड राह्यलं पाहिजे.”

मी म्हणालो, हे मला आधी सांगायला हवं होतं. मग ड्रायव्हरला म्हणालो, चाळीसगावकडून जाऊ नका, लांब पडतं. त्या रस्त्याने रावेरला कोणी जातच नाही. काहीतरी बोलायला हवं होतं.

२२ मार्च, रविवार

वाफ्यात काहीही नाही. स्वयंपाक जमतो. वरण जमत नाही.

१९ एप्रिल, रविवार, दुपारी २.३०

त्रेचाळीस डिग्री. लतावहिनींचं पत्र काल आलं. पाकिटावर नाव माझं, आत ‘लीलाधरभाऊजींना’ एवढंच, आशीर्वाद वगैरे नाही.

डावा डोळा चांगला झाला. पट्टी सोडल्यावर आबा आधी कुंदाला ओळखत नव्हते, म्हणाले, बाय, तू इतकी कशाने वाळली? मग कोणाचाही हात न धरता बागेत गेले. केळीच्या घडाला हात लावून उभे राहिले, दुपारपर्यंत आलेच नाहीत. डब्यातल्या रोपाला एक फळ आलं होतं. ते त्यांनी आणि कुंदाने अर्धं अर्धं खाल्लं. गोड होतं.

शेवटी लिहिलं आहे: आबा रोज विचारतात, लीलाधर हेडक्लार्क झाला का? आम्ही सगळ्यांनी हो सांगितलं आहे. फळामुळेच झाला म्हणून सांगितलं. एक डोळा त्यासाठी गेला तर गेला, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगतात. तुम्हीही तसंच लिहा.

कार्ड घेतलं. लिहिलं: ती. आबांना सांगावे, झालो.

कुंदा कधी येणार, ते विचारायचं राहिलं. कार्डावर जागा होती.

घरात पंखा गरम वारा फेकतो. खुर्ची घेऊन मागे गेलो. बसायला सावली सापडली नाही. पत्र्याखाली आबांची खाट होती, तिच्यावर थाळी आणि चमचा. तिथे बसवलं नाही. खुर्ची परत आत आणली.